आईला घेऊन सिंहराजाच्या जंगलात चार रात्री (श्रीलंका, लहान जंगल लॉज), अनुभव आणि प्रश्नोत्तरं

वाघबीळकर

मागच्या वर्षी इथेच विचारलं होतं की ६९ वर्षांच्या आईला घेऊन खऱ्या रेनफॉरेस्टमध्ये राहता येईल का, तेव्हा जळवा, पाऊस, गुडघे, लांबचा प्रवास असं बरंच काही तुम्ही लोकांनी सांगितलं होतं आणि ते सगळं काळजीनेच होतं हे मला कळतं. पण आम्ही जाऊन आलो, फेब्रुवारीत. ज्यांच्या घरी आईवडील आहेत आणि जावं की न जावं असं चाललंय त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

आई देवरुखजवळच्या गावची, घरामागे देवराई, लहानपण सगळं तिथे. गेली अकरा वर्षं घोडबंदर रोडला आमच्याकडे चौदाव्या मजल्यावर. बाबा गेले तेव्हापासून खाली उतरणंही कमी झालं होतं. एक दिवस टीव्हीवर कुठलं तरी जंगल बघत होती आणि म्हणाली, "असा पाऊस झाडांवर पडताना ऐकून किती वर्षं झाली गं." बस, मग मी ठरवलं.

आता लक्झरी कशाला, होमस्टे का नाही, तर माझ्यासाठी लक्झरीचा अर्थ साधा होता. कमोड, गरम पाणी, ओली न होणारी गादी, जेवण वेळेवर, आणि ती दमली तर खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसली तरी समोर जंगलच दिसलं पाहिजे. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा निघाला.

सिंहराजा म्हणजे श्रीलंकेच्या नैऋत्येला उरलेलं पावसाचं जंगल. युनेस्कोच्या यादीत १९८८ पासून आहे, त्या यादीतला भाग ८,८६४ हेक्टर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कपेक्षा थोडा लहानच. पण पाऊस वर्षाला साधारण ३,६०० ते ५,००० मिमी आणि तो जवळजवळ बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो. आपल्यासारखं चार महिने धो धो आणि मग आठ महिने कोरडं असं नाही, त्यामुळे सगळं कायम हिरवं आणि कायम ओलं. तिथल्या झाडांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जाती जगात फक्त श्रीलंकेत आहेत.

आधी माझी फसगत कशी झाली ते सांगते. एका एजंटने "रेनफॉरेस्ट रिट्रीट" म्हणून बुकिंग दिलं, फोटो सुंदर, स्विमिंग पूल वगैरे. मी नशिबाने पैसे पूर्ण भरायच्या आधी मॅप उघडला तर ते चहाच्या मळ्यात होतं आणि जंगलाचं गेट तिथून दीड-दोन तास. ॲडव्हान्स गेला तो गेलाच. म्हणून पहिली गोष्ट, सिंहराजाची गेटं वेगवेगळी आहेत, उत्तरेकडून कुडावा, दक्षिणेकडून देनियायच्या बाजूचं पिटादेनिय. तुमचं लॉज नेमकं कोणत्या गेटपाशी आणि किती मिनिटांवर आहे हे त्यांच्याकडून लिहून घ्या. एका गेटहून दुसऱ्याला जायचं तर जंगलाला पूर्ण वळसा घालून जावं लागतं.

आम्ही राहिलो ते कुडाव्याच्या बाजूला. सहाच खोल्या. लाकडी खांबांवर उचललेल्या, दोन बाजूंना काचेऐवजी बारीक जाळी, त्यामुळे रात्री आवाज सगळे आत. टीव्ही नाही, पंखा आहे, एसी नाही आणि लागलाही नाही. पहिल्या रात्री मला झोपच आली नाही, बेडूक आणि किडे मिळून एवढा आवाज. आई मात्र पडल्या पडल्या झोपली, बाबा गेल्यानंतर गोळी न घेता ती पहिल्यांदा अशी झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधीची गोष्ट. ओसरीवर रात्रभर एक दिवा लावून ठेवतात, त्यावर पतंग येतात, मोठे मोठे, तळहाताएवढे, आणि पहाटे ते तिथेच भिंतीला चिकटून बसलेले असतात. मी चहाचा कप घेऊन दारात उभी आणि कठड्यावर येऊन बसला श्रीलंकेचा निळा मॅगपाय. माझ्यापासून पाच-सहा फूट. डोकं आणि पंखांची लांब पिसं तांबूस तपकिरी, चोच लाल, पाय लाल, डोळ्याभोवती लाल कडं, आणि बाकी अंग असं निळं की त्याला कुठलं नाव द्यावं कळेना. त्याने भिंतीवरचा एक पतंग उचलला, पायाखाली धरला, पंख एकेक करून उपटून खाली टाकले आणि मधलं अंग गिळलं. मग दुसरा. आई मागून येऊन माझ्या खांद्याला धरून उभी होती, दोघी श्वास रोखून. तो गेल्यावर तिने खाली वाकून ते गळलेले पंख उचलले, हातरुमालात बांधून ठेवले. अजून तिच्या देव्हाऱ्याच्या खणात आहेत.

पुढचं उद्या लिहिते, जेवण आणि जळवा राहिल्यात.

ऐरोली_सेक्टर_आठ

ताई खूप छान. पुढचं लवकर टाका. आम्ही मे महिन्यात मुलांना सुट्टी असते तेव्हा विचार करतोय, चालेल का?

नौपाडेकर

वाचताना अंगावर काटा आला. आईंना नमस्कार सांगा.

फक्त एक प्रश्न आहे, प्रामाणिकपणे विचारतोय. जंगलात लक्झरी हे मला पटत नाही. मी येऊरला, म्हणजे नॅशनल पार्कच्या ठाण्याकडच्या बाजूला, लहानपणापासून जातो. तिथे आधी काय होतं आणि आता रात्री बंगल्यांमधून काय आवाज येतात ते मी कानांनी ऐकलंय. नॅशनल पार्कभोवती २०१६ ला इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला तरी शनिवारी रात्री डीजे चालूच. जंगलाला लागून खोल्या बांधल्या की आज ना उद्या हेच होतं. तिकडे वेगळं आहे का?

वाघबीळकर

@ऐरोली: मे नको. नैऋत्य मान्सून मे ते जुलै जोरात असतो तिथे. डिसेंबर ते एप्रिलची सुरुवात बरी, नंतर ऑगस्ट-सप्टेंबर. बरी म्हणजे दुपारी पाऊस येतोच, पण सकाळ मिळते.

@नौपाडेकर: दादा, हा प्रश्न मलाही होता. मी सगळ्या लॉजचं सांगू शकत नाही, मी जे पाहिलं ते सांगते. रात्री नऊनंतर बाहेरचे दिवे बंद, तो एक ओसरीचा दिवा सोडून. संगीत नाही. एका खोलीतली मंडळी मोबाईलवर गाणी लावून बसली होती तर मॅनेजरने येऊन हात जोडून बंद करायला सांगितलं आणि त्यांनी केलं. स्वयंपाकघरातल्या दोघी, गाईड, जीपवाला सगळे त्याच गावचे. गाईडचे वडील सत्तरच्या दशकात तिथे लाकूडतोडीवर होते.

ही गोष्ट त्याच्याकडूनच कळली. तेव्हा प्लायवूडच्या कारखान्यासाठी सिंहराजात यंत्रं लावून झाडं तोडायला सुरुवात झाली होती, लोकांनी खूप विरोध केला आणि १९७७ मध्ये ते थांबलं. आज आपण ज्या रुंद वाटेने आत चालतो ती त्या वेळी लाकूड बाहेर काढायला केलेली वाट आहे. वडिलांनी तिथून लाकूड काढलं आणि मुलगा त्याच वाटेवर माझ्या आईला हाताला धरून पक्षी दाखवत होता. चौथ्या दिवशी त्याने वडिलांना भेटवलं. ते आणि आई, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी अर्धा तास बसून होते, काय बोलले देव जाणे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे दादा, की लॉज किती भारी यापेक्षा त्या पैशातला किती भाग त्या गावात राहतो हे बघावं. आणि खोल्या किती. सहा खोल्यांना जंगल सांभाळून घेतं, साठ खोल्यांना नाही घेणार.

नौपाडेकर

पटलं. धन्यवाद. खोल्यांच्या संख्येचा मुद्दा लिहून ठेवतो.

खारघर_टेकडी

मी वायनाडला अशाच एका ट्री हाऊसमध्ये राहिलो होतो, दोन रात्री. पैसे पाण्यात गेले म्हणणार नाही पण मन भरलं नाही. पहिला दिवस प्रवासात, दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी नाश्ता करून चेक-आउट. तुम्ही चार रात्री एकाच जागी काय केलंत? कंटाळा नाही आला?

वाघबीळकर

हाच तर माझा मुख्य मुद्दा आहे आणि बरं झालं विचारलंत. श्रीलंकेचं पॅकेज घेतलं की सात रात्रींत पाच गावं असतात, कँडी, नुवारा एलिया, बेन्टोटा, गॉल, आणि त्यात सिंहराजा म्हणजे एक सकाळ. कोलंबो विमानतळावरून तिथे पोचायलाच चार-पाच तास लागतात. एका सकाळीत जंगल दिसत नाही हो. माझा अनुभव सांगते.

पहिली सकाळ आत गेलो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं काहीच नाही. एक पक्षी नाही. फक्त टिपटिप आणि सिकाडा किड्यांचा आवाज. मला वाटलं एवढा खर्च केला आणि. गाईडने आईसाठी घडीचं स्टूल आणलं होतं, तिला बसवलं आणि म्हणाला बसा, ते येतील. आले नाहीत. दुसऱ्या दिवशी साधारण साडेआठला, त्याच जागी, लांबून कलकलाट ऐकू यायला लागला. आधी नारिंगी चोचीचे सातभाईसारखे बॅबलर, वीस-पंचवीस तरी, पानं उलटीपालटी करत. त्यांच्याबरोबर तुरेवाला कोतवाल. मग वर मालकोहा, लाल तोंडाचा, तो फक्त श्रीलंकेतच आहे. मग ट्रोगन, सुतार, खारी सुद्धा. सगळे एकत्र एका दिशेने चाललेले, जणू वारीच. दहा-बारा मिनिटांत आमच्या डोक्यावरून सगळे पार, आणि परत शांत.

गाईडने नंतर सांगितलं की हे मिश्र थवे सिंहराजाची खासियत आहेत. १९८१ पासून तिथे त्यांची नोंद ठेवतात, सरत कोटगम नावाच्या प्राध्यापकांनी हे काम केलंय. एका थव्यात सरासरी चाळीसेक पक्षी आणि अकरा-बारा जाती. बॅबलर पाला हलवतात त्यातून किडे उडतात, ते कोतवालाला मिळतात, आणि कोतवाल शिकारी पक्षी दिसला की ओरडून सगळ्यांना सावध करतो. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो आणि त्यामुळे त्या जातीचे पक्षी थव्याकडे ओढले जातात असंही अभ्यासात दिसलंय.

थवा दिवसभर फिरत असतो, तुमच्या वाटेवर कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे एक सकाळ हातात असेल तर नुसता नशिबाचा खेळ. तीन सकाळी असतील तर मिळतोच असं तिथले लोक म्हणतात, आम्हाला दोनदा मिळाला. म्हणून कमीत कमी तीन रात्री, एकाच ठिकाणी. बजेट कमी असेल तर खोली साधी घ्या पण रात्री कमी करू नका.

कंटाळ्याचं म्हणाल तर दुपारी अडीच-तीनला पाऊस यायचा. आधी लांबच्या झाडांवर आवाज, मग तो चालत जवळ येतो, खोलीच्या वर पोचायला दोन मिनिटं लागतात. आई रोज त्या वेळी खुर्ची ओढून बसायची आणि काही बोलायची नाही. मीही बसायचे. फोनला रेंज नव्हती त्या भागात, तेही बरंच झालं.

येऊर_वाटाड्या

कोतवालाचं वाचून आठवलं, आपल्या कर्नाळ्यात भृंगराज पक्षी असाच नकला करतो. दहा मिनिटं एका जागी उभं राहिलं तर पाच पक्ष्यांचे आवाज एकाच झाडातून येतात. आणि हे योगायोगाने नाही, सह्याद्री आणि श्रीलंका हा मिळून जैवविविधतेचा एकच हॉटस्पॉट धरतात. फ्रॉगमाउथ पक्षी बघा, तो जगात फक्त पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत मिळतो. तुम्हाला दिसला का?

आणि सेरेंडिब घुबड? ते तर सिंहराजाचंच म्हणायचं. श्रीलंकेचे पक्षीतज्ज्ञ दीपल वारकागोडांनी १९९५ ला कितुलगलाच्या जंगलात त्याचा फक्त आवाज ऐकला, ओळखीचा वाटला नाही, आणि प्रत्यक्ष पक्षी दिसायला २००१ उजाडलं. २००४ ला नवीन जात म्हणून जाहीर झालं. सहा वर्षं एका आवाजाच्या मागे. मला ही गोष्ट फार आवडते.

वाघबीळकर

फ्रॉगमाउथची जोडी दिसली, वाळक्या पानासारखी, एकमेकांना चिकटून, गाईडने बोट दाखवूनसुद्धा मला सापडायला वेळ लागला, आईला आधी दिसली. घुबड नाही दिसलं, एका रात्री आवाज ऐकला. गाईड म्हणाला टॉर्च मारून शोधू शकतो पण विणीचा काळ आहे, नको. मला त्याचं ते नको म्हणणं आवडलं.

कोपरी_पूल

जळवा?? सगळे त्या विषयाला टाळतायत.

वाघबीळकर

टाळत नाहीये, लिहिते. जळवा आहेत, भरपूर आहेत, पावसानंतर तर वाटेवर पानापानावर उभ्या राहून डुलत असतात. आपल्या पायांची हालचाल, श्वास, उब यावरून त्यांना कळतं. लॉजने जळवांचे मोजे दिले, घट्ट विणलेल्या कापडाचे, गुडघ्यापर्यंत, आत पँट खोचायची आणि वर नाडी बांधायची. ते घातले की ९० टक्के प्रश्न मिटतो. मला तीन लागल्या चार दिवसांत, एक मानेवर. आईला एकही नाही, कारण ती दर पाच मिनिटांनी थांबून पायाकडे बघायची, गावची सवय. माझी मान दोन-तीन तास रक्ताने ओली राहत होती, दुखलं काही नाही.

सीवूड्स_डॉक्टर

जळवांबद्दल थोडं. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात, त्यामुळे ती निघाल्यावरही रक्त येत राहतं, हे नेहमीचं आहे, घाबरू नये. काढताना ओढू नका, जाळू नका, मीठ किंवा तंबाखू लावू नका, त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. नखाने तिच्या तोंडाच्या टोकाखालून सरकवून सोडवायची, जागा साबणाने धुवायची, दाबून पट्टी. खाजवायचं नाही.

ज्यांचे आईवडील रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर आहेत त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. गोळी मनाने बंद मात्र करू नका, ते जळवेपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

मलेरियाची भीती बऱ्याच जणांना असते, श्रीलंकेला २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त जाहीर केलंय. डेंग्यू आहे, त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम, दोन्ही.

वाघबीळकर

डॉक्टरसाहेब, आभार. आईची एक गोळी तशीच आहे, आम्ही विचारूनच गेलो होतो, मोजे दुहेरी घाला असं त्यांनी सांगितलं होतं.

ऐरोली_सेक्टर_आठ

जेवणाचं राहिलं ताई. आम्ही शाकाहारी, मुलं तिखट खात नाहीत.

वाघबीळकर

हो हो. जेवणाने तर आईला रडूच आलं एकदा. नाश्त्याला स्ट्रिंग हॉपर म्हणून जे देतात ते म्हणजे आपल्या शिरवळ्याच, फक्त तिथे नारळाचं दूध तिखट करून, आमच्याकडे गूळ घालून. पोलोस म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, आमच्याकडची कुयरी, पण ती लोक काळी होईपर्यंत मसाल्यात शिजवतात. म्हशीचं दही मातीच्या मडक्यात, घट्ट, सुरीने कापावं असं, आणि त्यावर कितुलची काकवी. कितुल म्हणजे भेरली माड. आई म्हणाली, आमच्या वाडीत दोन होते, त्याचा रस कधी असा आटवलेला खाल्ला नाही.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा. पोल संबोल म्हणजे खोबऱ्याची लाल चटणी, दिसायला साधी, पण तिच्यात बऱ्याचदा उंबलकड असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचे तुकडे. डाळीतसुद्धा घालतात काही ठिकाणी. बुकिंगच्या वेळीच "मासे नको, उंबलकडही नको" असं स्पष्ट सांगा, आम्ही सांगितलं तर त्यांनी चारही दिवस वेगळं वाटून दिलं. मुलांसाठी तिखट कमी करतात.

आणि अजून एक. लॉजच्या दारात एक झाड होतं, कोवळी पालवी एकदम लाल. गाईड म्हणाला हे "ना", आमचं राष्ट्रीय झाड. आईने खाली पडलेली कळी उचलली, वास घेतला आणि म्हणाली, हे नागकेशर. गोड्या मसाल्यातलं. आयुष्यभर डब्यातून घातलं, झाड पहिल्यांदा पाहिलं. तिने स्वयंपाकघरात जाऊन त्या दोघींना खुणांनी सांगितलं की आम्ही हे भाजून मसाल्यात घालतो, त्यांना खरंच वाटेना. मग त्यांनी तिला दालचिनी कशी सोलतात ते दाखवलं, पातळ, कागदासारखी, एकात एक गुंडाळलेली. आपल्याकडे किराणावाला जी जाड साल देतो ती वेगळीच, हे मला तिथे कळलं.

खारघर_टेकडी

खर्च विचारू का? नाव पण सांगा जमल्यास.

वाघबीळकर

विमान सोडून दोघींचे चार रात्रींचे राहणं, तिन्ही वेळचं जेवण, गाईड, जीप, जंगलाचं तिकीट आणि विमानतळाची गाडी धरून एक लाख साठ हजाराच्या आसपास. कमी नाहीत, मला माहिती आहे, मी दीड वर्ष बाजूला टाकत होते. सिंहराजात गाईडशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे तो खर्च धराच. नाव जाहिरात वाटू नये म्हणून इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मुंबईहून कोलंबो थेट विमान, अडीच तास. घड्याळ बदलायला लागत नाही, आपलीच वेळ. विमानतळावर व्हीलचेअर आधी मागून ठेवा, लाजू नका. कुडाव्याच्या शेवटच्या रस्त्यावर जीप फार हादरते, आईच्या पाठीला उशी दिली होती, ती घरून न्या.

नौपाडेकर

ताई, माझी आई ७२ ची आहे. कालपासून हा धागा तिला वाचून दाखवतोय. ती नागकेशराच्या झाडापाशी दोनदा थांबवून परत वाच म्हणाली. ऑगस्टच्या शेवटाचं बघतोय, तीन रात्री. ते जळवांचे मोजे इथे कुठे मिळतात? लॉजवाले देतात म्हणालात पण तिच्या पायाला सूज असते, मापाचे हवेत.

वाघबीळकर

अरे वा!! आईचे दुहेरीतले वरचे मोजे ढगळ आहेत, मी मुद्दाम मोठ्या मापाचे शिवून घेतले होते, सुती मांजरपाटाचे. ते घेऊन जा, शिंप्याला दाखवून तसेच दुसरे शिवून घ्या. उशी पण देते. रविवारी सकाळी मी आणि आई ठाण्यात तलावपाळीला असतो, साडेसहा ते साडेसात, आता ती रोज उतरते. गडकरी रंगायतनच्या समोरच्या बाकावर या, तुमच्या आईंनाही आणा.

नौपाडेकर

येतो. दोघेही येतो.